गुणून काढलेली संख्या मूळ कशी असेल?

प्रश्न: सर, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. परवा सौदे उरकल्यावर एका पट्टीच्या कोऱ्या बाजूला १११११११११ ला त्याच संख्येनं गुणलं. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. कॅल्क्युलेटरला एवढे आकडे मावेनात, म्हणून हातानंच केलं. नातू म्हणतो ही मूळ संख्या असणार. २, ५, ७, ११, १३ ने त्यानं भागून पाहिलं. खरं का? आणि हिचे विभाजक किती?

उत्तर: दिवाणजी, तुम्हीच गुणून काढलेली संख्या मूळ कशी असेल? नातवानं नेमका ३ सोडला. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ नेही भाग जातो. ८१ नेही जातो, पण तो बेरीज ८१ आली म्हणून नव्हे. तो नियम ९ च्या पुढं चालत नाही.

तुमची पट्टी पुन्हा बघा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडं सरकलेली. मधल्या उभ्या रांगेत नऊच एक, म्हणून हातचा कुठंच नाही. दहा एक घेतलेत की हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणत. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन.

आता फोड. नऊ एकांचे तीन-तीनचे गठ्ठे करा: १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का, हीच खरी मेहनत. तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढं, आणि ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६. एवढे भागाकार कोण करत बसणार? पण १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. त्यामुळं ३३३६६७ ला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येनं १ ला भागलं, तर दशांशात ९-९ आकड्यांचा गट फिरत राहतो. असं घडायला त्या संख्येला १८ ने भागून बाकी १ च उरावी लागते. अशा १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत फक्त १७. मी एका संध्याकाळी सगळ्या भागून पाहिल्या. १९ ने बाकी ८, ५७७ ने १६१. शून्य एकदाही नाही. म्हणजे ३३३६६७ मूळ.

वर्ग केल्यावर तुमची संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम का? विभाजक जोडीनं येतात, पण इथं १११११११११ चा जोडीदार तीच.

नातवाला मात्र रागावू नका. नुसते एक ओळीनं लिहीत गेलात तर ११ मूळ आहे; त्यानंतर मूळ संख्या मिळते ती थेट १९ एकांची.