कोहळं नेमकं कोणतं?

सांगलीकडून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून आलेल्या एका ताईंनी विचारलंय : "आठवडी बाजारात कोहळा मागितला, तर भाजीवालीनं लाल भोपळ्याची फोड हातात ठेवली. हा नको म्हटलं, तर म्हणते, 'हेच तं कोहळं होय मॅडम!' शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी 'सांबार टाकू का' विचारतात आणि कोथिंबीर टाकतात. परवा त्यांनी डब्यातलं 'चून' देऊ केलं, मी दचकलेच. इकडे हे शब्द चुकीचे रूढ झालेत का?"

ताई, भाजीवालीचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. घोळ त्या लाल फळाचा आहे, कारण ते पाहुणं आहे.

कोहळा हा शब्द फार जुना. संस्कृतातला कूष्मांड, प्राकृतात कोहंड, आणि मराठीत आला तो कोहळा. हिंदीतला कुम्हड़ा त्याचाच भाऊ. मुळात हे नाव पांढऱ्या गराच्या फळाचं : सालीवर राख चोळल्यासारखी भुकटी, बोट फिरवलं की बोटाला लागते. आग्र्याचा पेठा याचाच, आणि नव्या घराच्या दाराशी टांगतात तेही हेच. लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिकेतला. म्हणजे १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचण्याआधी आपल्याकडे त्याला नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. नवं फळ आलं, आणि त्याला हाक मारायला ज्यानं-त्यानं घरातलाच एखादा जुना शब्द पुढे केला.

तुमच्याकडे 'भोपळा' पुढे झाला. पण भोपळा तरी मूळचा कोण? तंबोऱ्याला असतो तो. म्हणजे दुधीच्या कुळातला, वाळला की पोकळ आणि टणक होणारा. नवा आला तेव्हा त्याला 'लाल' आणि जुन्याला 'दुधी' अशी विशेषणं चिकटवून तुम्ही भागवलंत. आमच्याकडे लाल फळाला 'कोहळं' म्हटलं गेलं, आणि दुधीला आम्ही लवकी म्हणतो, म्हणून तिथं गोंधळ उरला नाही. उसनवारी दोघांचीही. चुकीचं म्हणायचं तर दोघांनाही म्हणावं लागेल. काशीफळ म्हणणारे आणखी तिसरे, त्यांना मधे घेत नाही.

आम्ही कोहळंच का निवडलं, ते नकाशात दिसतं. विदर्भाच्या उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. तिकडे लाल भोपळ्याला कुम्हड़ा म्हणणारे पुष्कळ. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. बटाट्याचंही तसंच. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा, किनाऱ्यावरून वर चढलेला. आमच्याकडे हिंदीतला 'आलू' आला. म्हणून इथं दुकानात 'अळू आहे का' असं घाईत विचाराल तर पिशवीत बटाटे पडतील. वडीची पानं हवी असतील तर धोपा मागा. चवळीला बरबटी म्हणतात, आणि बरबटीचे वडे मिळाले तर सोडू नका.

पुन्हा कोहळ्याकडे येतो, कारण एका ठिकाणी हा घोळ खरोखर महागात पडतो. आयुर्वेदातला कूष्मांडपाक पांढऱ्या कोहळ्याचा. आमच्या आईनं एका वर्षी कुठल्याशा कॅलेंडरामागची कृती वाचून तो घातला. कृतीत 'कोहळा' एवढंच छापलेलं. तिनं बाजारातून आणलं ते आमचं कोहळं, तीन किलोचं, विळीवर धरायला दोन माणसं लागली. किसलं, तुपावर परतलं, साखर पडली, आणि पातेल्यात शेंदरी हलवा तयार झाला. चवीला झकास होता, आम्ही दोन दिवसांत संपवला. पाक मात्र झाला नाही. छापणाऱ्यानं 'पांढरा' एवढा एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं!

उलट बाजूनंही फसगत होते. विदर्भातली बाई 'कोहळ्याचे बोंडं' सांगते तेव्हा तिच्या डोळ्यापुढे लालच असतं. ते उकडून घोटायचं, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा, मावेल तेवढी कणीक, थोडी वेलची, आणि हातानं तेलात सोडायचे. तुमच्या घारग्यांचे हे सख्खे नातलग. घारगे थापतात, बोंडं सोडतात, एवढाच फरक. पांढऱ्या कोहळ्याचे करायला गेलात तर नुसतं पाणी सुटेल, आणि कणीक घालता घालता गोडवा निघून जाईल. बाकी 'आवळा देऊन कोहळा काढणे' या म्हणीत कोणताही कोहळा चालतो. काढणाऱ्याला फक्त आकाराशी मतलब.

सांबाराचं थोडक्यात. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीत म्हणूनच डाळीचा पत्ता नसतो, आत ठासून कोथिंबीर असते आणि बाजूला कढी. इडलीबरोबरच्या सांबारालाही सांबारच म्हणतात. गावात दोन्हींची गल्लत कोणी करत नाही, कारण एकाची जुडी मिळते आणि दुसऱ्याची वाटी.

आता चून. तुम्ही दचकलात ते बहुधा पानाचा चुना आठवून. दोन्ही शब्द 'चूर्ण'वरूनच आलेत, बारीक केलेलं ते चूर्ण. चुना दगडाकडे गेला, चून पिठाकडे. कोकणात काही घरांत मोदकाच्या सारणाला चून म्हणतात, आणि आमच्याकडे चून म्हणजे बेसनाचं पिठलं. ज्वारीची भाकर, त्यावर चून, शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा. शेतावरच्या दुपारच्या डब्यात हेच असतं, आणि मावशींनी तेच तुमच्यापुढे धरलं होतं.

पांढरा कोहळा खरंच हवा असेल तर भाजीवालीला 'पेठ्याचं कोहळं' म्हणून सांगा. या बाजाराला नसलं तर पुढच्या बाजाराला आणून देईल. आणि मावशींनी परत डबा उघडला तर चून थंड व्हायच्या आत घ्या, निवलं की घट्ट बसतं.