पैसा कागदाच्या पुढे जाऊ देऊ नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कोथरूडमधला तो वन बीएचके तुम्हा दोघांना पसंत पडला, मालक आजोबांशी थेट ओळख निघाली आणि मध्ये एजंट नाही, हे तुझ्या बाबांकडून कळलं. ६५ लाखांच्या व्यवहारात एक-दोन टक्के दलाली धरली तरी ६५ हजार ते एक लाख ३० हजार होतात. ते वाचवावेत असंच माझंही मत आहे. पण एजंटचं काम त्यामुळे नाहीसं होत नाही, ते तुमच्या अंगावर येतं. घर दाखवणं हा त्या कामाचा लहानसा भाग. पैसा आणि कागद बरोबरीने पुढे सरकत ठेवणं आणि तोंडावर बोलायला जड जाणारं बोलून टाकणं, हे त्याचं खरं काम. सोसायटीचा सचिव म्हणून हस्तांतराची बरीच प्रकरणं मी पाहिली. जी अडकली, त्यांतल्या बहुतेकांत पैसे कागदाच्या आधी निघून गेले होते.

सुरुवात भावापासून कर. आजोबा ६५ म्हणतात म्हणून ६५ धरू नकोस. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि बाकी महाराष्ट्राचे २००२ पासूनचे तिथे शोधता येतात. गाव आणि सर्व्हे नंबर घालून त्याच सोसायटीचे, शेजारच्या दोन सोसायट्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे सारांश-उतारे, काढ. त्यात मोबदला आणि बाजारभाव अशा दोन रकमा दिसतील. बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरचं, सरकारने दर ठरवून काढलेलं मूल्य, मोबदला म्हणजे घेणाऱ्या-देणाऱ्यांनी दस्तात लिहिलेली किंमत. मोबदल्याला क्षेत्रफळाने भाग दे, मात्र कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि बिल्टअप (भिंती धरून) यांची गल्लत करू नकोस. जुन्या करारात बहुधा बिल्टअप लिहिलेलं असतं. एक संध्याकाळ यात गेली तरी चालेल. आजोबांसमोर बसून घासाघीस करण्यापेक्षा हे आकडे पुढे ठेवणं दोघांच्याही मानाचं आहे.

याच शोधात तुमच्या फ्लॅटचाही इतिहास बघ. आजोबांनी तो ज्यांच्याकडून घेतला, त्यांच्यापर्यंत आणि तिथून बिल्डरपर्यंत कागद सलग लागले पाहिजेत. पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेला करारनामा, त्याची नोंदणी पावती, त्यानंतर आजोबांच्या नावे झालेला दस्त आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची नोंद, या सगळ्याचे मूळ कागद आहेत ना, याची स्वतः खात्री कर. एखादा मूळ कागद हरवला असेल तर घाबरू नकोस. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडून (दस्त नोंदणारे अधिकारी) प्रमाणित नक्कल असा त्याला रस्ता आहे. पण तो रस्ता आजोबांनी विसाराच्या, म्हणजे आगाऊ रक्कम देण्याच्या, आधी पार करायचा, नंतर नाही.

नाव कोणाकोणाचं आहे हे विचारायला संकोचू नकोस. आजोबांचा मुलगा अमेरिकेत आहे म्हणतेस. त्याचं नाव करारात सहमालक म्हणून असेल तर त्याची सही लागेल, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कराची. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात निवासी विक्रेत्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावाचा आयकर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाला हा एक टक्क्याचा नियम लागत नाही. कपात कितीतरी मोठी होते आणि ती न केल्याची जबाबदारी तुझ्यावर येते. हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणीही इथे नाही. मुलाने कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारं पत्र, पाठवलं तर ते वकिलाकडून तपासून घे. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे; त्याच्या आधारे नोंदलेला दस्तच लागतो. सहमालकांपैकी कोणी वारलं असेल तर सगळ्या वारसांची संमती लागते. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालक असणं नव्हे.

आता तू जे सहज एका ओळीत सांगितलंस, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फ्लॅटवर आजोबांचं जुनं कर्ज अजून सात-आठ लाख बाकी आहे. म्हणजे मूळ कागद त्यांच्या बँकेत आहेत आणि तुला दिसतायत त्या झेरॉक्स. इथे लोक भिडेखातर म्हणतात, "तुम्ही दहा लाख द्या, आम्ही कर्ज फेडतो, मग करार करू." असं करू नकोस. आजोबा कितीही सज्जन असले तरी नको. त्यांच्या बँकेकडून दोन कागद मागव: आजची बाकी किती याचं पत्र आणि बँकेच्या ताब्यात असलेल्या कागदांची यादी. हे दोन्ही तुझ्या बँकेला दे. तुझं कर्ज मंजूर झालं, करारनामा नोंदला गेला की तुझी बँक आजोबांच्या कर्जाच्या बाकीइतका डिमांड ड्राफ्ट थेट त्यांच्या बँकेच्या नावाने काढते. उरलेल्या रकमेचा ड्राफ्ट आजोबांच्या नावाने. त्यांची बँक कर्ज बंद करते, फ्लॅटवरचा कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र देते आणि मूळ कागद तुझ्या बँकेत पोचतात. या साऱ्यात काही आठवडे जातात. ते आठवडे विसार पावतीत लिहून ठेवले तर कोणाचा रक्तदाब वाढत नाही.

विसार पावती दोन ओळींची नको. रक्कम लहान ठेव, बँकेतूनच दे, आणि सगळ्या मालकांच्या सह्या घे. ठरावीक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत दोष निघाला तर विसार पूर्ण परत, हे वाक्य त्यात हवंच. ताबा कधी, तोवरचा मेंटेनन्स, मिळकतकर आणि वीजबिल कोणाचं, पंखे-गीझर-मॉड्युलर किचन राहणार का, हेही लिही. बोलताना क्षुल्लक वाटतं, पण ताब्याच्या दिवशी मन कडू होतं ते याच गोष्टींनी.

रोखीचा विषय निघाला तर नम्रपणे पण लगेच नाही म्हण. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय दस्तात किंमत कमी दाखवली की बँक कर्ज त्या किमतीवर देते, आणि पुढे तू घर विकशील तेव्हा नफा फुगून दिसतो.

पैशांचं गणित मी मांडून बघितलं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे फार तर ५२ लाख. तुमचे १३ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के, ४ लाख ५५ हजार, आणि नोंदणी फी कमाल मर्यादेची, ३० हजार. हातात सुमारे १८ लाख हवेत, वकील, बँक आणि हलवाहलव वेगळी. रेडीरेकनरचं मूल्य ६५ च्या वर निघालं तर शुल्क त्या मूल्यावर बसतं, ते आधी काढून घे.

घर फक्त तुझ्या नावावर घेतलं तर महिला खरेदीदार म्हणून एक टक्का सवलत मिळेल, ६५ हजार वाचतील. जावईबापूंचं नाव घातलं की ती जाते. माझं स्पष्ट मत विचारशील तर, दोघांची बचत घरात जाणार असेल तर दोघांची नावं असू देत.

वकील स्वतःचा कर. बँकेचाही वकील कागद तपासतो, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे ना एवढंच बघतो. तुझा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घेईल, हरकती मागवणारी चौदा दिवसांची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देईल. दलाली वाचली त्यातला थोडा भाग इथे खर्च झाला तर मला आनंद वाटेल.

सोसायटीत स्वतः जाऊन सचिवांना भेट. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (महापालिकेची राहायची परवानगी) आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी बदलून देणं, सोसायटीच्या नावे झालंय का, आजोबांची थकबाकी आहे का. कोथरूडमध्ये जुन्या इमारती झपाट्याने पुनर्विकासाला जातायत, तेव्हा तसा ठराव झालाय का आणि विकसकाशी करार झाला असेल तर वाढीव जागा, भाडं कोणाला मिळणार, हे विचारून करारात उतरव. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करण्याचं सोसायटीचं हस्तांतर शुल्क महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. "बिल्डिंग फंड", "देणगी" अशा नावाने जास्त मागितलं तर देऊ नकोस. मी सचिव असताना एकाही कुटुंबाकडून ते घेऊ दिलं नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियम) हस्तांतराला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही, पण बँक मागते, म्हणून अर्ज लवकर दे.

नोंदणीच्या दिवसाची फार काळजी नको. डेटा एंट्री आणि ई-चलन आधीच होतं, दोन साक्षीदार आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा. आजींना जिने चढणं जमत नाही म्हणालीस. वैद्यकीय कारण असेल तर अर्ज करून दुय्यम निबंधकांना घरी येऊन सही-अंगठा घेण्याची विनंती करता येते. हे त्यांना तूच सांग, त्यांना बरं वाटेल.

किल्ली आणि शेवटचा ड्राफ्ट एकाच बैठकीत, घर रिकामं बघून. मग वीजमीटर महावितरणमध्ये तुमच्या नावे करून घ्या, महापालिकेत मिळकतकराला नाव लावा आणि स्वतः राहणार असल्याने महापालिकेचा पीटी-३ अर्ज भरून मिळकतकरातली ४० टक्के सवलत मागा. ती आपोआप लागत नाही.

विसार पावतीचा मसुदा तयार झाला की सहीआधी मला पाठव. आणि वकिलाकडे जाताना आजोबांच्या करारनाम्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स ने, नकाशा आणि मागची नोंदणीच्या शिक्क्यांची पानं धरून.

तुझा
काका