जपानच्या जिबली या अॅनिमेशन स्टुडिओच्या शॉर्ट फिल्म्स ऑनलाइन कुठे बघायला मिळतील?

सरळच सांगतो, बहुतेक मिळणारच नाहीत. जिबलीचे ‘टोटोरो’सारखे मोठे सिनेमे ओटीटीवर आलेत, पण या छोट्या फिल्म्स मुद्दाम फक्त म्युझियमसाठी राखून ठेवल्यात. टोकियोजवळ मिताकाला २००१ साली जिबली म्युझियम उघडलं. त्याच्या तळघरात ‘सॅटर्न थिएटर’ नावाचं छोटंसं थिएटर आहे, तिथे एका वेळी एकच फिल्म लावतात आणि ती अधूनमधून बदलतात. म्हणजे कुठली बघायला मिळेल हे तुमच्या नशिबावर! आत शिरताना हातात जे तिकीट पडतं, तो खऱ्या सिनेमाच्या रिळाचा तुकडा असतो. उजेडात धरला की त्यातली चित्रं दिसतात.

टोटोरो आवडला असेल तर ‘मेई आणि पिल्लूबस’ (२००२) चुकवू नका. मला विचाराल तर सगळ्यात भन्नाट कल्पना जिबलीचे दिग्दर्शक मियाझाकी यांच्या ‘घरशोध’ची (२००६). एक मुलगी भलीमोठी सॅक पाठीवर टाकून नवं घर शोधायला निघते. वारा, पाणी, पावलं, सगळे आवाज माणसांनी तोंडानेच काढलेत, वर ते अक्षरांत पडद्यावरही उमटतात. जपानी येत नसेल तरी काही अडत नाही.

टोकियोला जाणं होणार नसेल, तर आयची प्रांतातल्या जिबली पार्कमध्येही (२०२२ पासून) या फिल्म्स दाखवतात. आणि अगदी घरीच बसून काही बघायचं असेल, तर डिस्ने प्लसवर ‘स्टार वॉर्स’मधल्या छोट्या हिरव्या ग्रोगूची, जिबलीनेच केलेली तीनेक मिनिटांची फिल्म आहे. गोड आहे, पण चणे-फुटाणेच.