पालीचं पारंपरिक व्याकरण: कच्चायन कुठे मिळेल, कसं वाचावं

मिरजेहून प्रश्न आलाय: शाळेत संस्कृत झालंय, धम्मपद अर्थासह वाचता येतं, आता पालीचं व्याकरण पालीतूनच शिकायचंय, पण सांगलीत पुस्तकं सापडत नाहीत. त्यासाठी कच्चायन, म्हणजे पालीचं पारंपरिक सूत्रबद्ध व्याकरण, कुठे मिळेल आणि कसं वाचावं ते सांगतो.

पुस्तकांवाचून अडू नका. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा (सहाव्या बौद्ध संगीतीत ठरलेला) पाठ देवनागरीत मोफत दिला आहे. त्यात तिपिटक (मूळ बौद्ध ग्रंथ), अट्ठकथा (त्यांवरची भाष्यं), टीका यांच्यानंतर 'अञ्ञ' (इतर) विभाग आहे, आणि त्यात 'ब्याकरण गन्थसङ्गहो' (व्याकरणग्रंथांचा संग्रह). कच्चायन, मोग्गल्लान (दुसरं पाली व्याकरण), पदरूपसिद्धि (कच्चायनाचीच सुत्तं वेगळ्या क्रमाने लावणारा ग्रंथ), अभिधानप्पदीपिका (शब्दकोश) हे सगळं तिथे मिळतं. अग्गवंसाच्या सद्दनीती या व्याकरणाच्या (पगान, ११५४) पदमाला आणि धातुमाला आहेत. तिसरा भाग सुत्तमाला मात्र वेगळा शोधावा लागतो.

हिंदीचा आधार हवा असेल तर तिवारी-शर्मा यांचं कच्चायन-व्याकरण (वाराणसी, १९६२) मागवा. भिक्षु जगदीश काश्यपांचं पालि महाव्याकरण उत्तम आहे, पण ते मोग्गल्लानावर बेतलेलं, म्हणून नंतर. वाचनालयाच्या सूचीत 'कच्चान' आणि 'कात्यायन' या नावांखालीही बघा.

सुरुवात कच्चायनापासूनच करा. मोग्गल्लान जास्त आटोपशीर आहे हे खरं, पण तो ४३ वर्ण मानतो आणि कच्चायन ४१, संज्ञाही वेगळ्या. दोन्ही एकदम हाती घेतले की पहिल्या आठवड्यातच गोंधळ होतो.

विपश्यनेच्या पाठात प्रत्येक सुत्तापुढे (सूत्रापुढे) दोन आकडे दिसतील, उदाहरणार्थ '१२, १३. सरा सरे लोपं'. पहिला कच्चायनाचा, दुसरा रूपसिद्धीचा, म्हणजे पदरूपसिद्धीतला. हा दुसरा आकडा फार कामाचा आहे, कारण कच्चायनात सुत्तं विषयवार आहेत, तर रूपसिद्धीत ती रूप घडवताना लागतील त्या क्रमाने लावली आहेत. 'यस्स + इन्द्रियानि' घ्या. सुत्त १० (पुब्बमधोठितमस्सरं सरेन वियोजये) सांगतं की आधीचं व्यंजन स्वरापासून सुटं करा: यस्स् + अ + इन्द्रियानि. मग १२ ने 'अ' चा लोप. मग ११ (नये परं युत्ते) ने सुटं व्यंजन पुढच्या स्वराला जोडा: यस्सिन्द्रियानि. म्हणजे प्रत्यक्षात १०, १२, ११ असा क्रम लागला, आणि रूपसिद्धीत हीच सुत्तं १२, १३, १४ अशी ओळीने आहेत.

संस्कृतवाल्यांची चूक नेमकी इथे होते. अ + इ दिसलं की हात आपसूक 'ए' लिहितो आणि 'यस्सेन्द्रियानि' होतं. पालीत आधी लोप. 'न + उपेति' चं 'नोपेति' दिसायला संस्कृतचा गुणसंधीच (अ + उ = ओ) वाटतं, पण तिथेही आधी 'अ' जातो आणि मग सुत्त १४ (क्वचासवण्णं लुत्ते) उरलेल्या 'उ' चा 'ओ' करतं. त्यातलं 'क्वचि' विसरू नका: कधी होतं, कधी नाही, हे वुत्तीतल्या (सुत्ताखालच्या स्पष्टीकरणातल्या) उदाहरणांवरूनच ठरतं. म्हणून नुसती सुत्तं पाठ करून उपयोग नाही. सुत्त, वुत्ति, उदाहरण असं तिन्ही वहीत उतरवा आणि रूप पायरीपायरीने सोडवा. मागच्या सुत्तातून कोणता शब्द पुढे येतो (अनुवुत्ति) तो कंसात लिहा. तो सुटला की सुत्त निरर्थक वाटतं.

कच्चायनाच्या संधिकप्पात (संधीच्या प्रकरणात) ५१ सुत्तं आहेत. रोज दोन धरली तर महिन्याभरात होतात. नामकप्पात (नामांच्या प्रकरणात) सुत्त ५५, 'सि यो, अं यो, ना हि, स नं, स्मा हि, स नं, स्मिं सु', तोंडपाठच हवं. पुढचा नामविचार या १४ प्रत्ययांवर चालतो. आख्यातात (क्रियापदांच्या प्रकरणात) पोचलात की 'पञ्चमी' आणि 'सत्तमी' पाहून दचकू नका. तिथे त्या नामाच्या विभक्ती नव्हेत: पञ्चमी म्हणजे आज्ञार्थ, सत्तमी म्हणजे विध्यर्थ.

सिंहली किंवा बर्मी लिपीतली प्रत हाती आली तर 'अक्षरमुख' या मोफत साधनाने ती देवनागरीत आणता येते, पण मजकूर टाइप केलेला हवा. स्कॅन असेल तर आधी संगणकाकडून अक्षरओळख (ओसीआर) करून घ्यावी लागते आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात.