इस्रोत इंटर्नशिप: अर्ज कुठे, विषय कोणता, अहवाल कसा?

प्रश्न : मी सोलापूरला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'इस्रोत कुठेही, काहीही काम चालेल' असा अर्ज सहा केंद्रांना पाठवला. एकाचंही उत्तर नाही. छोट्या शहरातलं कॉलेज म्हणून डावलतात का?

कॉलेजचं गाव आड येत नाही, 'काहीही चालेल' हे आड येतं. केंद्रात विद्यार्थ्याला घ्यायचं तर तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला त्याचं मार्गदर्शन पत्करावं लागतं आणि स्वतःच्या कामातला एक तुकडा काढून द्यावा लागतो. विषयच नसलेला अर्ज त्याने कुठे बसवायचा?

आधी केंद्र नीट निवडा. रॉकेटची रचना तिरुवनंतपुरमला व्हीएसएससीत, द्रवइंधन इंजिनं एलपीएससीत आणि त्यांच्या चाचण्या महेंद्रगिरीला होतात. उपग्रहबांधणी बंगळुरूला यूआरएससीत, तर उपग्रहावरचे कॅमेरे, रडार आणि दळणवळणाची उपकरणं अहमदाबादच्या सॅकमध्ये. उपग्रहाकडून आलेल्या चित्रांवरचं काम हैदराबादला एनआरएससीत चालतं. ई अँड टीसीला सॅक आणि यूआरएससी ही सरळ दारं. श्रीहरिकोटा सगळ्यांनाच हवं असतं, पण उड्डाण बघायची हौस असेल तर प्रेक्षक गॅलरीसाठी नोंदणी करा. त्याला इंटर्नशिप लागत नाही.

पात्रता अशी : किमान ६० टक्के किंवा १० पैकी ६.३२ सीजीपीए. इंटर्नशिप जास्तीत जास्त ४५ दिवसांची. 'प्रोजेक्ट ट्रेनी' म्हणून जायचं तर बी.ई.-बी.टेक.ला सहावं सत्र पूर्ण हवं आणि कालावधी किमान ४५ दिवस. अर्ज मागवण्याची रीत केंद्रागणिक वेगळी आहे, म्हणून त्या-त्या केंद्राच्या संकेतस्थळावरची सूचनाच प्रमाण माना. कॉलेजचं शिफारसपत्र आणि गुणपत्रिका तयार ठेवा. विषय एका ओळीत मावला पाहिजे. 'अँटेना' हा विषय झाला नाही. 'एक्स-बँडच्या पॅच अँटेनाची बँडविड्थ वाढवणं' हा झाला.

प्रश्न : मुलाला इस्रोत लावून देतो म्हणून एक एजंट पैसे मागतोय. द्यावेत का? — एक पालक, बार्शी

एक रुपयाही देऊ नका. इंटर्नशिपच्या जागा एजंटामार्फत भरत नाहीत. उलट खर्चाची तयारी ठेवा, कारण या योजनेत विद्यावेतन मिळत नाही. राहणं-जेवण आपलं आपण बघायचं. त्या हिशेबाने सोलापूरकरांना हैदराबाद-बंगळुरू सोयीचं : थेट गाड्या आहेत, आणि पूर्व भागातल्या मुलांना तेलुगू तर अक्कलकोटकडच्यांना कन्नड घरचीच.

प्रश्न : मी सिव्हिलची, पंढरपूरची. एनआरएससीसाठी अर्ज करायचाय, पण दाखवायला काम नाही. घरबसल्या काय करता येईल?

उजनी घ्या. धरण 'मायनसमध्ये', म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात, गेलं की जिल्हाभर चर्चा असते. ते पाणी किती आक्रसलं हे तुम्ही चित्रावरून मोजून दाखवा. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात आणि ती हाताळायचं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. लेव्हल-२ए ची, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली चित्रं उतरवा. हिरवा पट्टा म्हणजे बँड ३, जवळचा अवरक्त म्हणजे बँड ८. हिरव्यातून अवरक्त वजा, भागिले दोघांची बेरीज, हा झाला एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक. शून्याच्या वर ते ढोबळमानाने पाणी. एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० पिक्सेल म्हणजे एक हेक्टर.

इथवर कुणालाही जमतं. खरी परीक्षा पुढे आहे.

पहिली अडचण ऑफसेटची. २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता गुणोत्तर काढलं की उत्तर बिघडतं. समजा हिरव्यात १६०० आणि अवरक्तात १३०० आहेत. तसंच भागलं तर ०.१० येतं, १००० वजा करून ६०० आणि ३०० घेतले तर ०.३३. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून 'पाणी बदललं' म्हणणारे पुष्कळदा हा ऑफसेटच मोजत असतात. प्रत्येक चित्राच्या मेटाडेटात (सोबत येणाऱ्या माहितीच्या फाइलीत) ऑफसेटची ओळ बघून मगच हिशेब करा.

दुसरी अडचण जलपर्णी. ती अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते, म्हणून एनडीडब्ल्यूआय उणे येतो आणि खाली पाणी असूनही तो भाग जमिनीत जमा होतो. पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनल-१ उपग्रहाच्या, ढगांपार बघणाऱ्या रडारकडे वळावं लागतं, पण तिथेही जलपर्णी उजळच दिसते आणि वाऱ्याने पाणी खवळलं की तेही उजळतं. जलपर्णीचे पट्टे वेगळे आखून त्यांचं क्षेत्र स्वतंत्र दाखवा. शेवटी पाण्याचं क्षेत्र त्या-त्या तारखेच्या धरणाच्या पातळीसमोर मांडा. पातळी उतरली आणि क्षेत्र वाढलं असा बिंदू आला तर तो लपवू नका, त्याचं कारण शोधा. मार्गदर्शकाची नजर आधी त्याच बिंदूवर जाईल.

प्रश्न : मेकॅनिकलला आहे. उपग्रहाच्या भागांच्या थर्मोव्हॅक (निर्वातात तापवून-गारठवून बघण्याच्या) चाचणीशी संबंधित काम मिळालंय. आधी काय वाचू?

हीट ट्रान्सफरचं पुस्तक उघडा आणि संवहनाचं, म्हणजे हवेच्या हालचालीने उष्णता जाण्याचं, प्रकरण बाजूला ठेवा. निर्वातात ते नाहीच. उरतं वहन आणि प्रारण. त्यामुळे थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) पृष्ठभागावरून जरा जरी सुटलं तरी ते भागाचं तापमान दाखवत नाही, भाग आणि चेंबरची भिंत यांच्या मधलंच काहीतरी दाखवतं. टोकामागची काही सेंटिमीटर तारही पृष्ठभागालाच चिकटवतात, नाहीतर तारेवाटे उष्णता ये-जा करते. टी प्रकारच्या थर्मोकपलमध्ये तांबं धन आणि कॉन्स्टंटन (तांबं-निकेलचा मिश्रधातू) ऋण. अमेरिकी रंगसंकेतात लाल तार ऋण असते, आणि लाल म्हणजे धन या सवयीने ती हमखास उलटी जोडली जाते. मग भाग तापतो आणि आकडा उतरतो. चेंबर बंद करण्याआधी परवानगी घेऊन एकेका तारेचं टोक बोटाने धरून बघा : त्याच चॅनेलचा आकडा चढला पाहिजे. बंद झाल्यावर एका तारेसाठी सगळं पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून, हवा सोडून, परत निर्वात करण्यात फार वेळ जातो.

प्रश्न : आत फोटो काढता येत नाहीत, मग कॉलेजला अहवाल कसा द्यायचा?

मोबाइल, कॅमेरा, पेनड्राइव्ह आत नेण्यावर बंधनं असतात आणि मार्गदर्शकाने तपासल्याशिवाय अहवाल बाहेर नेता येत नाही. म्हणून शेवटचा आठवडा लिहिण्यासाठी ठेवू नका. मसुदा दोन आठवडे आधी हातात द्या. मूळ मापं नाकारली गेली तर आकडे कमाल मूल्याने भागून १ च्या पट्टीत दाखवा, आलेखाचा आकार तोच राहतो. छायाचित्रांऐवजी स्वतः काढलेली रेखाकृती चालते का ते विचारा. आणि निघण्याआधीच कॉलेजच्या गाइडना सांगून ठेवा की कोड आणि ड्रॉइंग जोडता येणार नाहीत, म्हणजे तोंडी परीक्षेत गुण कापले जाणार नाहीत. प्रमाणपत्रही अहवाल जमा झाल्यावरच हातात पडतं. परतीचं तिकीट त्यानुसार काढा.