वडिलांच्या खात्यावरचे चार हजार आणि सातबारावर बहिणींची नावे

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला सोयाबीन उत्पादक. वडील मार्च २०२२ मध्ये वारले. त्यानंतरही त्यांच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हप्ते आले. आईच्या दवाखान्यासाठी ते मी एटीएममधून काढले. आता तहसीलमधून चार हजारांच्या वसुलीची नोटीस आली आहे. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर असल्याने मला हप्ता मिळत नाही. दोन्ही बहिणींनी 'आम्हाला काही नको' असे तोंडी सांगितले आहे. भाऊ म्हणतो, वारस नोंदीत त्यांची नावे देऊच नकोस, नाहीतर अनुदानात वाटे पडतील. काय करू?

उत्तर : आधी चार हजारांचे बघू, कारण ते सोपे आहे. पैसे भरून टाका. हप्ता लाभार्थी हयात असेपर्यंतचा असतो. त्यामुळे मे आणि ऑक्टोबर २०२२ चे हप्ते तुमच्या घरी राहू शकत नाहीत. दवाखान्याची अडचण खरी असेल, पण तिने हिशेब बदलत नाही. मृत्यू दाखल्याची प्रत जोडून, नोटिशीत सांगितल्याप्रमाणे रक्कम भरा आणि पावती जपून ठेवा. नोटीस उशाखाली ठेवून बसलात तर पुढे सातबारावर बोजा चढतो आणि तो उतरवायला चार हजारांपेक्षा जास्त हेलपाटे पडतात. वडिलांचे एटीएम कार्ड मात्र आता वापरू नका. बँकेला मृत्यू कळवून खाते रीतसर बंद करा.

आता भावाचा सल्ला. तो ऐकू नका. कायदा तर बाजूला राहू द्या, त्याचा हिशेबच चुकलेला आहे. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार एकरावर मिळत नाहीत, कुटुंबावर मिळतात आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अल्पवयीन मुले. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजारही त्याच यादीवरून येतात. बहिणींची नावे लागली म्हणून तुमच्या दोन हजारांचे हजार होत नाहीत. उलट आई खातेदार झाली की तीही स्वतंत्रपणे अर्ज करू शकते. बहिणी पात्र ठरतात का, हे त्यांच्या सासरच्या कुटुंबावरून ठरेल, कारण पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो. अतिवृष्टीची मदत क्षेत्रावर असते हे खरे, पण तिथे सामाईक खातेदारांचे संमतीपत्र चालते. बहिणींना नकोच असेल तर त्या सही करतील.

हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगे आणि मुली सगळेच पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात बहिणी लपवल्या तर ते खोटे प्रतिज्ञापत्र होते आणि त्याखाली सही तुमची असते, भावाची नव्हे. तोंडी हक्कसोडीला किंमत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्रच चालते. आज 'काही नको' म्हणणारी बहीण रस्त्याला जमीन गेली, मोबदल्याचा आकडा आला की तेच म्हणेल, याची खात्री कोण देणार? आणि तिने नाही म्हटले तर तिचे काही चुकलेलेही नसेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेल्या जमिनीला पीएम किसानचा लाभ मिळत नाही. जमीन मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली असेल तरच सूट आहे. म्हणून आधी सर्वांच्या नावे वारस नोंदीचा फेरफार होऊ द्या, हक्कसोड त्यानंतर. तुमचे नाव सातबारावर वारस म्हणूनच आलेले दिसले पाहिजे.

अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर करा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायला हवे होते, पण उशीर झाला म्हणून वारसा बुडत नाही. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. विरोधात निर्णय गेला तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नवा सातबारा हातात आला की पीएम किसानची नवीन नोंदणी करा, त्यावर वडिलांचा मृत्यू दाखला आणि फेरफार दोन्ही चढवा आणि ई-केवायसी त्याच दिवशी उरका. तुमच्या घरात कोणी प्राप्तिकर भरत असेल तर मात्र अर्ज करू नका, नाहीतर पुढची वसुलीची नोटीस तुमच्याच नावाने येईल.