भलत्याच परीक्षेचा अभ्यास

पहिल्या भेटीला एक बाई दोन जाड वह्या घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आल्या. एकीत पक्षी, दुसरीत झाडं. प्रत्येक पानावर नाव, शास्त्रीय नाव, ओळखण्याच्या खुणा आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेलं चित्र. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी हिशेब तपासण्याची. दोन वर्षांपासून एक बेत मनात घोळत होता: सुट्टीच्या दिवशी पाच-सहा मुलांना बागेत, ओढ्याकाठी न्यायचं आणि रीतसर फी घेऊन निसर्गाची ओळख करून द्यायची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"माझ्याकडे या विषयाची पदवी नाही," त्या म्हणाल्या. "एखाद्या मुलानं काही विचारलं आणि मला आलंच नाही तर? पालक म्हणतील, मग पैसे कशाचे घेता?"

शिकवण्याचं स्वतःचं काम सुरू करू पाहणारे बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात, मग विषय चित्रकला असो की गणित. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांमधल्या अशाच एका भावनेबद्दल लिहिलं होतं: यश पदरात असूनही आपण तोतया आहोत आणि कधीतरी उघडे पडणार, असं वाटत राहणं. मी त्यांना हे सांगितलं. वर "अहो, केवढं येतं तुम्हाला!" असंही म्हटलं. इथे माझं चुकलं. तो धीर त्यांना जेमतेम घरी पोचेपर्यंत पुरला असावा, कारण पुढच्या भेटीला तिसरी वही आली. कीटकांची.

ती वही मी उघडलीच नाही. विचारलं, "समजा, एका मुलाला मधमाशी चावली. पहिल्या मिनिटात काय कराल?"

त्या गप्प. मधमाशीचं शास्त्रीय नाव त्यांना पाठ होतं.

"कुठल्या मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे पालकांना कधी विचारणार? तुम्ही एकाचा गुडघा धुवत बसलात, तर बाकीच्या पाचांवर नजर कोणाची? ओढ्याला त्या दिवशी पाणी किती आहे, हे आदल्या दिवशी कोण बघून येणार? त्या जागेत वर्ग घ्यायला परवानगी लागते का?"

तिन्ही वह्यांत यातलं एकही पान नव्हतं. काळजी करायला जागा होती, पण त्या ती भलत्याच ठिकाणी करत होत्या. दुसऱ्याची मुलं घेऊन उघड्यावर जाणाऱ्या माणसाला थोडी भीती वाटलीच पाहिजे, असं माझं मत आहे. जिला अजिबात वाटत नाही तिच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही.

चौथ्या वहीत चित्रं नव्हती. पालकांच्या संमतीचा कागद, तातडीचे फोन क्रमांक, जवळचं रुग्णालय, सोबत दुसरी मोठी व्यक्ती, आदल्या दिवशी त्याच वेळी जागेची पाहणी. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण त्यांनी स्वतः शोधून पूर्ण केलं. मधमाशीची नांगी त्वचेत रुतून राहते. ती कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. चेहरा किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, थेट रुग्णालय गाठायचं. हे मला त्यांनीच शिकवलं. आणि सांगताना त्यांचा आवाज ठाम होता.

ज्ञान अपुरं पडण्याची भीती मात्र शिल्लकच होती. ती बोलून जात नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात भक्कम होतो तो एकदा खरंच जमवून दाखवल्यावर; दुसऱ्याचं कौतुक त्यापुढे फिकं. म्हणून ठरलं, ओळखीच्यांची सहा मुलं, दीड तास, एकच वर्ग.

तो झाल्यावर त्या आल्या तेव्हा बसायच्या आधीच बोलू लागल्या. विसाव्या मिनिटाला एका मुलीनं विचारलं होतं, "कोळी स्वतःच्या जाळ्यात का नाही अडकत?"

"माझ्या पोटात गोळा आला. मग म्हटलं, मला माहीत नाही. चला, बघू या."

चाकासारखं गोल जाळं होतं. मुलांनी काडीच्या टोकानं अलगद एकेक धागा चाचपला. मधून बाहेर जाणारे आऱ्यांसारखे धागे काडीला चिकटले नाहीत; गोल गोल फिरत गेलेले चिकटले. भिंगातून त्या चिकट धाग्यांवर बारीक मणी ओवल्यासारखे थेंब दिसले. मग कोळी हलला, तेव्हा सहाही डोकी तो पाय कुठे ठेवतो ते बघत होती. "पक्ष्यांची वही मी पिशवीतून काढलीच नाही," त्या म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी वाचलं, तर कोळ्याच्या पायांवरचे केस आणि लेपही त्याला चिकटण्यापासून वाचवतात, असं कळलं. पुढच्या वेळी मुलांना ते सांगितलं. तेव्हापासून उत्तर न आलेल्या प्रश्नांची वेगळी वही आहे. पुढचा वर्ग कशाचा, हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड गेला. तीनदा आकडा ठरवला, तिन्ही वेळा पालकांसमोर "राहू दे, पहिला महिना फुकटच" निघून गेलं. फुकट असलं की लोक सकाळी सहज कळवतात, आज येत नाही. शेवटी मी त्यांच्याच पेशाला हात घातला: एका वर्गाचे तास मोजा. दीड तास वर्ग, एक तास पाहणी, दोन तास तयारी, पालकांशी निरोपानिरोपी वेगळीच. दीड तासाच्या वर्गामागे पाच-सहा तास निघाले. आकडे समोर आल्यावर हिशेबनीस जागा झाला. फी त्यांनी बोलून दाखवली नाही, लिहून पाठवली. बोलायला तोंड उघडत नसेल तर लिहून पाठवण्यात काही वावगं नाही.

दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्या रात्री त्या रडल्या, असं नंतर कळलं. मला फोन केला नव्हता. वर्ग चार मुलांवर चालू राहिला, आता सात आहेत. नोकरी अजून सोडलेली नाही, आणि ती सोडायची घाई करू नका असं मीही सांगितलं आहे.